एकच शिकारी कुत्रा, दोन हँडलर: एकाचं ऐकतो, दुसऱ्याचं का नाही?

रानवाट

हा धागा गनडॉगबद्दल आहे, म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी शोधून, अलगद तोंडात धरून हातात आणून देणारे लॅब्रडॉर आणि स्प्रिंगर, कॉकर हे स्पॅनियल. ब्रिटनमध्ये हे काम रीतसर चालतं. इंग्लंडात फेजंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो.

प्रश्न असा. वर्किंग लाइनचा (कामासाठी निवडलेल्या वंशाचा) दोन वर्षांचा लॅब्रडॉर आहे. मूळ हँडलरने (कुत्र्याला आदेश देऊन काम करवून घेणाऱ्याने) शिट्टी फुंकली की ८० मीटरवर जागच्या जागी बसतो, तोंड वळवून हाताकडे बघतो. तीच शिट्टी घरातल्या दुसऱ्या माणसाने फुंकली की मान वर करतो, दोन पावलं टाकतो आणि पुन्हा वासाला लागतो. दिवाणखान्यात मात्र दोघांचंही तितकंच ऐकतो.

आवाज वेगळा म्हणून असं होतं का? ‘जो खायला घालतो त्याचंच ऐकतं’ यात किती तथ्य आहे? आणि दुसरा हँडलर तयार करायचा तर नेमकं काय, कोणत्या क्रमाने करायचं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पट्टा-दोरी

चर्चा सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. भारतातून वाचणाऱ्यांनी हे रानात करून बघू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. जनावर हाकणं, त्याच्यामागे कुत्रं सोडणं हेही तिच्यात येतं. कॅनव्हासच्या डमीवर (पक्ष्याऐवजी फेकायच्या गुंडाळीवर) मात्र यातला प्रत्येक धडा कुठल्याही मोकळ्या मैदानात शिकवता येतो.

कानोसा

रानवाट, घरात ऐकतो आणि रानात ऐकत नाही, यातच तुमचं निदान आहे. आवाज हे कारण असतं तर घरातही ऐकला नसता.

ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये कुत्र्यांना अनोळखी माणसांच्या तोंडून शब्द ऐकवले. बोलणारा बदलला तरी शब्द तोच आहे हे कुत्र्यांना वेगळं शिकवल्याशिवाय कळत होतं, आणि शब्द तोच राहून माणूस बदलला तेही कळत होतं. म्हणजे ‘बारीक आवाज त्याला समजत नाही’ किंवा ‘बायकांचं ऐकत नाही’ ही समजूत सोडून द्यावी. शब्द समजतो. कोण बोलतंय तेही समजतं. आणि त्या माणसाच्या आदेशानंतर आजवर काय घडत आलंय, हे त्याला सगळ्यात चांगलं समजतं.

आपण ‘आदेश’ म्हणतो तो कुत्र्याच्या लेखी एक सुटा शब्द नसतो. शब्द, त्याची चाल, माणसाचं उभं राहणं, चेहरा कुठे वळलाय, अंतर, जागा, हे सगळं मिळून त्याच्यासाठी एक चित्र तयार होतं. फुकुझावा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच तपासलं. शब्द तोच ठेवून हँडलरने तोंड दुसरीकडे केलं, आडोशाला गेला किंवा ध्वनिफितीवरून आदेश दिला, की प्रतिसाद घसरायचा. मूळ हँडलरचं ८० मीटरवरचं चित्र कुत्र्याने शेकडो वेळा पाहिलंय. दुसऱ्या माणसाचं चित्र त्याने फक्त दिवाणखान्यात, २ मीटरवर, चहाच्या वेळी पाहिलंय. रानात तो जे ऐकतो ते त्याच्या दृष्टीने नवीनच आहे. याला अवज्ञा म्हणू नये.

खाण्याबद्दल म्हणाल तर वाडगं भरणाऱ्या माणसाजवळ कुत्रा आनंदाने घुटमळतो हे खरं. पण ८० मीटरवर वास सोडून बसायचं की नाही, हे तो वाडग्यावरून ठरवत नाही. या माणसाच्या शिट्टीनंतर बसलं नाही तर काय होतं, त्यावर ते ठरतं.

शीळ

आता शिट्टीबद्दल. दोन हँडलरांमधला फरक पुसायला हिच्यासारखं साधन नाही, पण ती नीट वापरली तरच.

पहिली गोष्ट म्हणजे नंबर. ब्रिटनमध्ये बहुतेक जण एक्मे कंपनीच्या प्लॅस्टिकच्या, आत गोळी नसलेल्या शिट्ट्या वापरतात. २१०.५ आणि २११.५ हे दोन नंबर सर्वात जास्त चालतात. पहिलीचा स्वर किंचित उंच असतो आणि ती स्पॅनियलवाल्यांच्या हातात जास्त दिसते, दुसरी लॅब्रडॉरवाल्यांच्या. कोणती ‘चांगली’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोघांच्या गळ्यात एकच नंबर हवा. एकाच नंबरच्या दोन शिट्ट्या सारख्याच वाजतात. हरवली तर तोच नंबर पुन्हा आणता येतो, आणि यासाठीच ती वापरायची. स्क्रू फिरवून स्वर बदलणारी ‘सायलेंट’ शिट्टी दोन हँडलरांसाठी निरुपयोगी, कारण खिशात स्क्रू थोडा जरी फिरला तरी कुत्र्यासाठी ती वेगळी शिट्टी होते. गोळीवाल्या शिट्टीत थुंकी आणि थंडी दोन्हींचा त्रास होतो.

दुसरी गोष्ट, फुंकण्याची पद्धत. गडबड इथेच होते. रूढ पद्धत अशी:

थांब/बस: एकच सलग फुंक, साधारण एक सेकंद.
परत ये: छोट्या फुंका, पिप-पिप-पिप-पिप, चार-पाच.
स्पॅनियलला वळवायला: दोन छोट्या पिप.

समजा एका हँडलरची ‘थांब’ अर्ध्या सेकंदात आटपते आणि दुसऱ्याच्या ‘परत ये’मधली पहिली पिप लांबते. दोन्ही जवळपास सारख्याच ऐकू येतात. मग कुत्रा परत येता येता मध्येच बसतो, किंवा थांबायचं सोडून धावत येतो, आणि माणसं त्याला हट्टी ठरवतात. उपाय सोपा आहे. दोघांनी मोबाइलवर आपापली ‘थांब’ आणि ‘परत ये’ पाच-पाच वेळा रेकॉर्ड करावी आणि पाठोपाठ ऐकावी, फरक लगेच कानावर येतो. फुंक संपवताना जीभ शिट्टीच्या तोंडाला टेकवा. सूर कापल्यासारखा तुटला पाहिजे, विरता कामा नये. विरत जाणारी फुंक वाऱ्यात किती लांब होती ते कुत्र्याला कळत नाही.

तिसरी गोष्ट, मोजणी. मूळ हँडलर एकदा फुंकतो. नवखा घाबरून पाचदा फुंकतो. आठवडाभरात कुत्रा शिकतो की या माणसाच्या पहिल्या चार फुंका मोकळ्या असतात. रानवाट, तुमच्या लॅब्रडॉरची ‘मान वर, दोन पावलं, पुन्हा वास’ ही वागणूक या दुखण्याशी फार जुळते. तो दुसऱ्या फुंकेची वाट बघतोय.

हिरवळ

दोघांचे शब्दच वेगळे असतील तर? एक जण ‘सिट’ म्हणतो, दुसरा ‘बस’, आणि आजी ‘बैस रे बाळा’.

कानोसा

हिरवळ, कुत्रा एका कृतीचे दोन-तीन शब्द शिकू शकतो, त्यात अडचण नाही. अडचण अशी की ‘बस’ हा मराठी घरातला सगळ्यात बेभरवशाचा आदेश आहे. ‘बस झालं आता’, ‘बस पुरे’, ‘बस चुकली’, ‘बस ना जरा’. दिवसातून वीस वेळा हा शब्द हवेत उडतो आणि कुत्र्याने बसण्याशी त्याचा काही संबंध नसतो. ज्या शब्दानंतर बहुतेक वेळा काहीच घडत नाही, तो शब्द कुत्रा गाळायला शिकतो. घरात मराठी बोलणाऱ्यांसाठी ‘सिट’ बरा, कारण तो एरवी कुणाच्या बोलण्यात येत नाही. हाच न्याय उलटाही लागू आहे. ज्या घरात मुलं दिवसभर इंग्रजी बोलतात तिथे ‘खाली’ किंवा ‘थांब’ हे शब्द उत्तम चालतात.

शब्द निवडताना ते एकमेकांपासून लांब ठेवा. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. ओळखीचा शब्द आणि त्यात एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द यांत कुत्र्यांच्या मेंदूने फरक दाखवला नाही. त्यामुळे ‘ये’ आणि ‘ने’ किंवा ‘बस’ आणि ‘बॅक’ अशा जोड्या टाळाव्यात. शंभर मीटरवर तर व्यंजनं वाऱ्यात गळूनच पडतात, ‘बस’मधला ‘स’ पोहोचतच नाही. कुत्र्यापर्यंत जातो तो फक्त स्वर आणि चाल. म्हणून जवळ शब्द आणि दूर शिट्टी, ही विभागणी दोन्ही हँडलरांनी पाळायची.

आणि शेपटं छाटा. ‘ये’ म्हणजे ‘ये’. ‘ये ना रे’, ‘ये बघू’, ‘येतोस का नाही’ हे माणसाला प्रेमाचं वाटतं, पण कुत्र्याला तीन वेगळे आवाज ऐकू येतात.

जतची माती

कानोसांनी चालीचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. आपल्याकडे गावात कुत्र्याशी बोलायचे आवाज पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहेत आणि ते फार नेमके आहेत. बोलवायचं तर ‘यू-यू-यू-यू’, आखूड, भराभर, वर चढणारं. सोडायचं तर ‘छू!’, एकच फुत्कार. हाकलायचं तर ‘हाऽड्!’, खाली आपटणारं. बैल थांबवायचा तर ‘होऽऽ’, लांब आणि उतरत जाणारं.

पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी १९९० मध्ये पिल्लांवर हेच मांडून दाखवलं. आखूड, पुन्हा पुन्हा येणारे, चढते स्वर जनावराला हलवतात. एकच लांब, उतरता स्वर त्याला थांबवतो. गनडॉगच्या शिट्टीतली ‘पिप-पिप-पिप’ आणि आपली ‘यू-यू-यू’ एकाच जातीची आहेत. म्हणून दुसऱ्या हँडलरला शिट्टी जमत नसेल तोवर त्याने ‘यू-यू’ने बोलवावं, कुत्रा चटकन धरतो. मात्र ‘थांब’ हा शब्द ‘थांब-थांब-थांब-थांब’ असा भराभर कधीच म्हणू नये. शब्द म्हणतो थांब आणि चाल म्हणते पळ. घाबरलेला माणूस नेमका असाच ओरडतो, आणि कुत्रा चालीचं ऐकतो.

पट्टा-दोरी

आता रानवाट यांचा मुख्य प्रश्न. दुसरा हँडलर तयार करायचा क्रम देतो. घाई केली की तिसऱ्या पायरीवर फसतं, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

पहिले तीन-चार दिवस नव्या हँडलरने मैदानात काहीही शिकवायचं नाही. पायाशी चालवणं, दारातून बाहेर पडताना थांबवणं, वाडगं ठेवण्याआधी बसवणं, एवढंच. आदेश एकदाच. नाही ऐकलं तर दार बंद, वाडगं वर, पाच सेकंद थांबून पुन्हा. आवाज चढवायचा नाही.

मग जोडणी. नवा हँडलर कुत्र्यासमोर २ मीटरवर, मूळ हँडलर नव्याच्या खांद्यामागे. नवा शिट्टी फुंकतो. साधारण एक सेकंद जाऊ द्यायचा. मग मूळ हँडलर हात वर करतो. कुत्रा बसतो. बक्षीस नवा देतो, हरभऱ्याएवढा उकडलेल्या कलेजीचा तुकडा पुरे. हा क्रम उलटू देऊ नका. मूळ हँडलरचा संकेत आधी आला तर कुत्र्याला हवी ती माहिती मिळून गेलेली असते, नव्याच्या शिट्टीकडे लक्ष द्यायचं कारणच उरत नाही. दोघांनी एकदम दिला तरी तेच. क्रम बरोबर असेल तर बहुतेक कुत्री दहा-पंधरा आवर्तनांत मूळच्या हाताची वाट न बघता बसू लागतात. सत्र ५ ते ८ मिनिटांचं, दिवसातून दोनदा. कुत्रा अजून उत्सुक असतानाच थांबा.

तिसरी पायरी म्हणजे मूळ हँडलरने नाहीसं होणं. आधी ५ मीटर मागे, पाठ करून. मग १५ मीटर. मग झाडाआड. मग गाडीत. मग घरीच. ही पायरी गाळली जाते कारण मूळ हँडलरला बघायचं असतं, आणि तो बाजूला हाताची घडी घालून उभा राहतो. तो दिसतोय तोवर कुत्रा प्रत्येक शिट्टीनंतर अर्धा क्षण त्याच्याकडे बघून खात्री करून घेतो. त्या अर्ध्या क्षणात वास जिंकतो. रानवाट यांच्या उदाहरणात मूळ माणूस शेजारी उभा होता का, हे तपासा. असेल तर निम्मं कारण तिथेच आहे. आणि मूळ हँडलरने ‘मदत’ म्हणून स्वतःची शिट्टी फुंकली तर त्या दिवशीचं सत्र वाया गेलं असं समजा, कारण कुत्रा एवढंच शिकला की नव्याचं नाही ऐकलं तरी खरा आदेश मागून येतोच.

चौथी पायरी अंतर: ५, १०, २०, ४०, ८० मीटर. पुढे कधी जायचं? पहिल्याच शिट्टीवर दहापैकी नऊ वेळा, सलग दोन दिवस. जागा नवी असेल तर अंतर निम्मं. डमी फेकली असेल तर पुन्हा निम्मं. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची.

आणि नाही बसला तर? दुसरी फुंक एकदाच. तिसरी नाही. शांतपणे चालत जा, पट्टा घाला, पहिली फुंक वाजली तेव्हा तो जिथे होता त्या जागी आणून बसवा, समोर उभं राहून तीच शिट्टी एकदा वाजवा. मग सोडा. ती जागा आठवणीत राहावी म्हणून फुंकतानाच एखादं झुडूप, दगड हेरून ठेवायचा. ८० मीटर चालत जायचा कंटाळा येतो आणि नवखा हँडलर तिथूनच ओरडतो. कुत्रा नेमकं हेच मोजतो: हा माणूस येतो की नुसता ओरडतो.

रानवाट

पट्टा-दोरी, हो, मूळ हँडलर शेजारीच असतो. हे डोक्यात आलंच नव्हतं. अजून दोन गोष्टी विचारते. डमी आणताना कुत्रा पाठवणाऱ्याकडे न येता मूळ हँडलरकडे जातो, त्याला काय करावं? आणि दुसऱ्या व्यक्तीची उंची कमी आहे, उंच गवतात हाताचे इशारे दिसत नाहीत.

शीळ

डमीचं आधी. नियम एकच: ज्याने पाठवलं त्याच्याच हातात द्यायचं. मूळ हँडलरने डमी स्वीकारायची नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. कुत्रा त्याच्याभोवती फिरेल, डमी पायावर टाकेल. टाकू द्या. पाठवणाऱ्याने उलट पावली, किंचित वाकून, कुत्र्यापासून दूर जात बोलवावं. समोरून चालत गेलात तर तो डमी घेऊन पळायचा खेळ सुरू करतो. सुरुवातीला डमी हलकी घ्या, अर्ध्या पौंडाची, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. नेहमीची एक पौंडाची नंतर. जिथे तोंडातून डमी आधीच पडतेय तिथे वजनाने भर घालू नका.

दोघंही मैदानात असतील तर कुत्र्याचा ताबा उघडपणे बदला. स्लिप लीड (पट्टा आणि दोरी एकच असलेली) गळ्यात, दोरीचं टोक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, चार पावलं पायाशी चालवणं, मग लीड काढणं. दहा-बारा दिवसांत कुत्र्याला हा विधी कळतो: ज्याने लीड काढली, आता त्याचं ऐकायचं. पुन्हा लीड लागेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

धावपट्टी

हाताच्या इशाऱ्यांबद्दल मी सांगते, यात कपड्यांचा भाग मोठा आहे.

तीन मुख्य इशारे: तळवा उघडून हात सरळ वर म्हणजे थांब, हात खांद्याच्या रेषेत आडवा म्हणजे त्या बाजूला जा, वर घेतलेला हात पुढे ढकलणं म्हणजे अजून मागे जा. ‘थांब’ आणि ‘मागे’ या दोन्हीत हात वरच असतो, फरक फक्त ढकलण्याचा. कमी उंचीच्या किंवा घाईच्या माणसाचे हे दोन इशारे लांबून एक होतात. म्हणून ‘थांब’चा हात वर गेला की तिथे तीन सेकंद गोठवायचा, खाली आणायचा, आणि मगच ‘मागे’चा हात.

कुत्र्याला निळा-पिवळा चांगला वेगळा दिसतो, लाल-हिरवा नाही. त्याला हिरव्या गवतातली नारिंगी डमी आपल्यासारखी उठून दिसत नाही, तशीच हिरव्या जाकिटातली हिरव्या झुडपापुढची बाहीही. मूळ हँडलर उंच असेल तर त्याचा हात आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. ठेंगण्या माणसाचा हात झाडांच्या काळोखात बुडतो. माणूस वेगळा म्हणून ऐकत नाही असं वाटतं, आणि खरं म्हणजे हात दिसलेलाच नसतो. अमेरिकेत रिट्रीव्हरचे (लॅब्रडॉरसारख्या, शिकार आणून देणाऱ्या कुत्र्यांचे) सराव घेणारे हँडलर पांढरं जाकीट घालतात ते यासाठीच. उपाय: फिक्या रंगाची बाही, उंचवट्यावर उभं राहणं, पाठीमागे झाडी नाही अशी जागा. आडव्या इशाऱ्याबरोबर स्वतःही त्या बाजूला दोन पावलं टाका. हात दिसला नाही तरी सगळं शरीर सरकलेलं दिसतं.

उन्हाळ्यात नवा हँडलर एकदम मोठी टोपी आणि गॉगल घालून आला तर पहिली पाच मिनिटं जवळचे आदेश देऊन ‘हा मीच’ हे कळू द्या.

हिरवळ

इलेक्ट्रिक कॉलर लावली तर हे सगळं लवकर होत नाही का?

पट्टा-दोरी

वेल्समध्ये २०१० पासून तिच्यावर बंदीच आहे. पण या धाग्यापुरतं म्हणायचं तर दोन हँडलरांच्या कुत्र्यावर ती उलटीच पडते. झटका बसला त्या क्षणी समोर जो उभा असतो, त्याच्याशी कुत्रा ते दुखणं जोडू शकतो. बटण नवख्याच्या हातात असेल तर वेळही चुकते. मग तुमच्याकडे एकाला घाबरणारा आणि दुसऱ्याच्या पायाला चिकटणारा कुत्रा उरतो. ते निस्तरायला महिने लागतात. करू नका.

जतची माती

सगळ्या शिकारी कुत्र्यांना हा क्रम जसाच्या तसा लावू नका, हे सांगायला हवं. आमच्याकडचा कारवान, सीमेपलीकडचा मुधोळ, ही नजरेवर धावणारी कुत्री. लॅब्रडॉर काम करता करता माणसाकडे वळून बघतो, पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच निवडल्यात. कारवान एकदा सुटला की वळून बघायचं त्याच्या रक्तातच नाही. धावता धावता शिट्टी कोणी फुंकली याने तिळमात्र फरक पडत नाही, कोणाचीच ऐकू जात नाही. म्हणून आदेश धावण्याच्या आधी आणि नंतर बसवायचा, मध्ये नाही.

दोन हँडलर मात्र या कुत्र्यासाठी वरदान आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीचं आमिष दोरीने ओढून धाववायचं असेल तर एकाने सुरुवातीला स्लिपमध्ये (झटकन सुटणाऱ्या पट्ट्यात) धरायचं आणि ‘थांब’ एवढंच बोलायचं. दुसऱ्याने शेवटाला उभं राहून, पिशवी थांबली की लगेच, कुत्रा भानावर येताना, ‘यू-यू-यू’. तो दोन-तीन सेकंदांचा काळ गाठला तर येतो. गेला तर शेतभर गोल फिरतो. आधी १५-२० मीटर लांब दोरीवर, दोघांमध्ये आळीपाळीने बोलवण्याचा सराव: पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला मटणाचा तुकडा. कुंपणाशिवायच्या जागेत दोरी काढू नका.

आणि कारवानला परक्याने एकदम हात लावलेला चालत नाही. नव्या हँडलरने पहिला आठवडा अंगावर ओणवं होऊन पट्टा घालू नये. बाजूला उकिडवं बसावं, पट्ट्याचा गोल उघडा धरावा आणि कुत्र्याने आपणहून मान घालायची वाट बघावी. सोलापूर-जत भागात हे सगळं सकाळी आठच्या आत.

कानोसा

जतची माती यांच्या ‘एकाने फक्त थांब, दुसऱ्याने फक्त ये’ या विभागणीला फार जुना आधार आहे. इंग्लंडातल्या फॉक्सहाउंडच्या कळपात हेच चालत आलं. कुत्री जोड्यांत मोजतात, ३५ असली तर साडेसतरा जोड्या. एवढ्या कळपाला हंट्समन (कळप चालवणारा) आपल्या आवाजाने आणि तांब्याच्या छोट्या शिंगाने पुढे नेतो आणि बोलावतो. बाजूला घोड्यावर व्हिपर-इन असतो. त्याचं काम भरकटलेल्यांना वळवून हंट्समनकडे धाडणं. तो कुत्र्यांना स्वतःकडे बोलावत नाही. त्यानेही बोलवायला सुरुवात केली तर कळप दोन ठिकाणी फाटतो. (इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या कळपाने खोकडाची शिकार करण्यावर फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. कळप आता आधी टाकून ठेवलेल्या वासावर धावतात.)

घरातल्या एका लॅब्रडॉरला हे लावायचं तर एक मर्यादा आहे: दोघांनाही पूर्ण काम करायचं असेल तर दोघांनाही सगळे आदेश यायला हवेत. पण पहिल्या महिन्यात नव्याने फक्त ‘थांब’ आणि ‘परत ये’ हे दोनच घ्यावेत. दिशा दाखवणं मूळ हँडलरकडे राहू दे. ‘थांब’ पक्कं झाल्याशिवाय दिशेला अर्थ नाही, कारण धावणारा कुत्रा हाताकडे बघतच नाही.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: कुत्रा तीन महिने बाहेरच्या प्रशिक्षकाकडे ठेवला आणि परत आणला, तर घरचे दोघंही त्याच्यासाठी नवे हँडलर ठरतात ना? तेव्हा प्रशिक्षकाकडून काय मागून घ्यावं?

शीळ

हो, दोघंही नवे, हे बरोबर ओळखलंत. घेताना एका कागदावर इतकं लिहून घ्या: शिट्टीचा नंबर, ‘थांब’, ‘परत ये’ आणि ‘वळ’ या प्रत्येकासाठी किती आणि किती लांब फुंका, तोंडी शब्द जसेच्या तसे, उच्चारासकट, कारण प्रशिक्षक यॉर्कशरचा असेल तर त्याचा ‘कम’ आपल्या ‘कम’सारखा नसतो, डमी घेताना काय म्हणतो, पहिल्याच शिट्टीवर खात्रीने थांबण्याचं अंतर किती आणि कोणत्या जागेत, आणि कुठे चुकतो. शब्दांचं आणि शिट्टीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घ्या.

त्याशिवाय किमान दोन सत्रं प्रशिक्षकासमोर, तुम्ही दोघांनी आळीपाळीने, पट्टा-दोरींनी लिहिलेल्या जोडणीच्या क्रमाने. दुसऱ्या सत्राच्या शेवटी प्रशिक्षकाला गाडीत बसायला सांगा. घरी आणल्यावर पहिले दहा दिवस त्याने सांगितलेल्या अंतराच्या चौथाईवर काम करा. तो ८० मीटर म्हणाला असेल तर तुम्ही २० पासून सुरू करायचं.